उजव्या खांद्याची माती

प्रियदर्शनीला एका जागी स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. विश्रामबागेतल्या एका शाळेत ती पीटीच्या मॅडम आहे. तिथल्या स्टाफरूममध्ये तिच्या खुर्चीवर बाकीच्या बायकांच्या पर्सा असतात, कारण ती खुर्ची तिच्या काही उपयोगाची नाही. उभी राहिली तरी उजवी टाच खाली-वर चालूच. शिट्टीची दोरी बोटाभोवती गुंडाळायची, सोडायची, परत गुंडाळायची. लग्नाच्या पहिल्या वर्षी नवरा, धैर्यशील, म्हणाला होता, "अगं, जेवताना तरी बस." बसली. टाच टेबलाखाली सुरूच राहिली. आता तो काही म्हणत नाही.

गेल्या वर्षी शाळेत व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिर झालं. टाय लावलेला एक वक्ता आला आणि आत्मविश्वास कसा कमवावा हे त्याने पंख्याखाली उभं राहून दोन तास सांगितलं. रोज सकाळी आरशासमोर उभं राहायचं, स्वतःच्या डोळ्यांत बघायचं आणि म्हणायचं, मला जमतं. असल्या लोकांना एकदा भर यात्रेत, पाच हजार माणसांच्या मधोमध उभं करावं आणि मग आरसा हातात द्यावा. पण ते असो. बायकांनी सल्ला वहीत उतरवून घेतला, प्रियदर्शनीनेही घेतला. दुसऱ्या दिवशी ती आरशासमोर उभी राहिली आणि डोळ्यांत न बघता नुसते केस विंचरून निघून आली. डोळ्यांत बघायचं म्हटलं की तिला एक खांदा दिसायचा.

त्या खांद्याची गोष्ट जुनी आहे. तिचे वडील सुभेदार नाथाजी पलटणीतून निवृत्त होऊन साताऱ्याजवळच्या गावी परतले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. थोरल्या मुलाला तालमीचा कंटाळा, म्हणून त्यांनी हिला पहाटे उठवून तालमीत न्यायला सुरुवात केली. ते तिला कधी लाडाने हाक मारत नसत. कवायतीला हजेरी घ्यावी तसं पूर्ण नाव घेत, "प्रियदर्शनी!" आणि ती जोर मारायला लागे. पोरगी तयार झाली. विसाव्या वर्षी साताऱ्यात राज्य कुस्ती स्पर्धेच्या अंतिम लढतीत उतरली. समोर शिरोळकडची राही नावाची मुलगी होती, हिच्यापेक्षा चपळ आणि, खरं सांगायचं तर, हिच्यापेक्षा चांगली.

प्रियदर्शनीने तिला खाली घेतलं. राहीचा डावा खांदा गादीला टेकला. पंचांची शिट्टी वाजली, हात वर झाला, प्रेक्षकांत सुभेदार उभे राहून टाळ्या वाजवू लागले. उजवा खांदा मात्र टेकलेला नव्हता, आणि चीत व्हायला दोन्ही टेकावे लागतात. पंचांना ते दिसलं नाही, कुणालाच दिसलं नाही. प्रियदर्शनीला तेवढं माहीत होतं, कारण त्या खांद्याखाली तिचा स्वतःचा तळहात अडकला होता. राही ओरडत होती, "सर, हिचा हात बघा! हात बघा हिचा!" हरलेली पोरं ओरडतातच, असं म्हणून तिला बाजूला नेलं. प्रियदर्शनीने एक शब्द काढला असता तर काम झालं असतं. तिने तो काढला नाही.

त्या पदकावर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागली. नोकरीवर स्थळ आलं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरातलं कात्रण सुभेदारांनी फ्रेम करून घराच्या दारातच लावलं, आपल्या सैन्यातल्या फोटोशेजारी. राही पुढे कुठल्या मैदानात दिसली नाही. चौदा वर्षं झाली, ही गोष्ट प्रियदर्शनीने ना नवऱ्याला सांगितली ना बापाला. लोक म्हणायचे, काय धीट बाई आहे. तिला वाटायचं, यांना जर कळलं तर!

पुढे तिने पंचाची परीक्षा दिली आणि अकरा वर्षं गादीवरच्या स्पर्धांना पंच म्हणून जात राहिली. गादीवर सगळं लिहिलेलं असतं. लाल कोण, निळं कोण, गुण किती, सेकंद किती, आणि वाद झालाच तर व्हिडिओ बघायची सोय. तिथे ती कधी चुकली नाही. म्हणून यंदा जत तालुक्यातल्या हंगरवाडीच्या यात्रा कमिटीचा फोन आला तेव्हा तिने नाही म्हणायला हवं होतं. हंगरवाडी कर्नाटकाच्या हद्दीला लागून, अर्ध्या गावाच्या घरात कानडी बोलतात आणि मैदान मातीचं. मातीत गुण नसतात. पाठ लागली की हरलं, एवढा एकच कायदा.

"मॅडम, पोरींच्या कुस्त्या वाढल्यात. आयाबाया म्हणत्यात, पंच बाईच पायजे," कमिटीचे अध्यक्ष जयराज फोनवर म्हणाले. "या की. लय मान हाय आमच्याकडं."

ती हो म्हणाली आणि त्या क्षणापासून टाच दुप्पट वेगाने हलायला लागली.

यात्रेच्या दिवशी जतच्या स्टँडवरून कमिटीच्या जीपने तिला नेलं. रस्त्याला मेंढरं आणि पाण्याचे टँकर, बाकी उघडा माळ. मानाची पहिली अडचण गावात पोचल्यावर आली. हंगरवाडीत पंचाला फेटा बांधायची रीत आहे, आणि बाईला फेटा बांधावा की नाही यावर कमिटीत अर्धा तास खल झाला. शेवटी खणा-नारळाने तिची ओटी भरली. ट्रॅकसूटला पदर कुठून आणायचा? तिने टी-शर्टचं टोक पुढे धरलं आणि बायका तोंडाला पदर लावून हसल्या. लाउडस्पीकरवर निवेदकाने मोठ्या अभिमानाने सांगितलं, "आजच्या पंच, साताऱ्याच्या सुभेदारांची लेक!" हे वाक्य पुढे चांगलंच महागात पडणार होतं.

मैदानाच्या कडेला ज्योतिबा वस्ताद बसले होते. चाळीस वर्षं तिथले पंच तेच. गुडघे गेले म्हणून यंदा बसून होते. तिने वाकून नमस्कार केला.

"शिट्टी एकदाच वाजवायची, बाई," ते म्हणाले. "एकदा वाजली की ती देवाची. ह्या मातीत निकाल कवा फिरला न्हाई. आन् दिसलं न्हाई तर पाठीची माती बगायची. माती खोटं बोलत न्हाई."

तिने मान हलवली. सकाळपासून चहाशिवाय पोटात काही गेलं नव्हतं. तिने शिट्टीची दोरी बोटाभोवती इतकी घट्ट गुंडाळली की बोटाचं टोक पांढरं पडलं.

सुरुवातीच्या सात-आठ कुस्त्या बऱ्या गेल्या. लहान पोरी होत्या, सगळं स्पष्ट दिसत होतं. चारच्या सुमाराला पोरींची शेवटची नेमलेली जोड लागली. हंगरवाडीची शिवलीला, लाल पोशाखात, आणि साताऱ्याहून आलेली मयूरी, निळ्या पोशाखात. शिवलीला गावची पोरगी. तिची आई पुढच्याच रांगेत बसली होती आणि मागे घरांच्या गच्च्यांवरही माणसं चढली होती. दोघींनी माती उचलून एकमेकींच्या अंगाला लावली, हात मिळवले आणि कुस्ती लागली.

दहा मिनिटं निकाल निघेना. घामाने हात निसटत होते. मध्येच शिवलीलाने वाकून मूठभर माती घेतली आणि पकड बसावी म्हणून मयूरीच्या उजव्या खांद्यावर मागून थापली. मातीतल्या कुस्तीत हे चालतंच. प्रियदर्शनीने ते पाहिलं आणि सोडून दिलं. हलगीवाले आता अगदी जवळ आले होते. हलगीसारखा वाईट सल्लागार मैदानात दुसरा नाही. ती म्हणते, लवकर, लवकर, आणि माणसाच्या पायांना ते खरं वाटायला लागतं.

शिवलीलाने एकदम पट काढला. मयूरी आडवी झाली. डावा खांदा मातीत रुतलेला प्रियदर्शनीला दिसला. उजवा पलीकडच्या बाजूला होता. ती धावत वळसा घालून जाईपर्यंत मयूरी पालथी झाली, आणि निळ्या पोशाखावर उजव्या खांद्याशी लालभडक माती दिसली. सगळं गाव ओरडत होतं. हलगी थांबत नव्हती.

तिने शिट्टी वाजवली.

पुढच्या दहा सेकंदांत शिवलीला चार जणांच्या खांद्यावर होती. गुलाल उडाला. मयूरी गुडघ्यांवर बसून तोंडातली माती थुंकत होती. तिला उठवायला प्रियदर्शनी वाकली आणि तिची नजर त्या उजव्या खांद्यावर गेली. ती माती पसरलेली नव्हती. चार बोटं आणि एक अंगठा, स्वच्छ उमटलेला तळहात होता. मघाशी थापलेला, तिच्याच डोळ्यांदेखत. जमिनीची माती त्या खांद्याला लागलीच नव्हती. अकरा वर्षं गादीवर काढलेल्या बाईला, मातीत माती हातानेही लागते, एवढं साधं आठवलं नव्हतं.

मयूरी ओरडली असती, भांडली असती, तर बरं झालं असतं. पण ती पोरगी अंग झाडत म्हणाली, "जाऊ द्या मॅडम. परमुलखात असंच असतंय."

हे वाक्य प्रियदर्शनीला जिव्हारी लागलं. गप्प बसायला सगळं सोयीचं होतं. कुणी पाहिलं नव्हतं, हरलेली तक्रार करत नव्हती, जिंकलेली गावची होती. पाच मिनिटांत पुढची जोड लागली असती. तिला या गप्प बसण्याची चव माहीत होती. ती चौदा वर्षं तिच्या तोंडात होती.

ती वस्तादांकडे गेली. "वस्ताद, माझी चूक झाली. पाठ लागली नव्हती. ती माती शिवलीलाच्या हाताची आहे, ठसा दिसतोय."

ज्योतिबांनी डोळे बारीक केले. "मी काय सांगितलं व्हतं? शिट्टी वाजली. आता गप ऱ्हा."

जयराज धावत आले. "मॅडम, काय डोस्कं फिरलंय का? पोरगी खांद्यावर हाय. लोकं अंगावर येतील. सोडा की."

"नाही सोडता येणार."

"पुरावा काय?" वस्ताद म्हणाले. "बोलाव शिवलीलाला. तिचा हात त्या ठशाला लावून दाखव सगळ्यांम्होरं. बसला तर मानतील."

हा मार्ग सोपा होता. हात बसलाच असता. प्रियदर्शनीने वर पाहिलं. खांद्यावर बसलेली सोळा-सतरा वर्षांची शिवलीला हसत नव्हती. ती आपल्या उजव्या तळहाताकडे बघत होती. प्रियदर्शनीच्या कानात राहीचा आवाज घुमला, हिचा हात बघा, हात बघा हिचा. आईसमोर, गावासमोर या पोरीचा हात धरून दाखवायचा? ते तिच्याने होणार नव्हतं.

तिने निवेदकाच्या हातातून माइक घेतला. टाच शिवणयंत्रासारखी चालू होती. तिने ती थांबवायचा प्रयत्नच केला नाही. हलू दे, म्हणाली मनात, बोलायचं तोंडाने आहे.

"ऐका," ती म्हणाली. आवाज फाटला. परत म्हणाली, "ऐका. मी निकाल चुकीचा दिला. मयूरीची पाठ लागलेली नाही. तिच्या खांद्यावरची माती कुस्तीच्या मधेच लागली होती, मी स्वतः बघितली होती आणि विसरले. शिवलीलाची यात काही चूक नाही. ती नियमाने खेळली. चूक पंचाची आहे, माझी आहे. कुस्ती परत लागेल."

मैदान एकदम फुटलं. "साताऱ्याची हाय म्हणून फिरवती व्हय!" "सुभेदाराची लेक म्हनं!" "तरी सांगत हुतो, बाईमाणूस आणू नका!" गच्चीवरून कुणीतरी चप्पल भिरकावली, ती तिच्या पायापाशी पडली. जयराज माइक ओढायला लागले. प्रियदर्शनी घाबरली होती, हे लपवण्यात अर्थ नाही. पळून जीपमध्ये बसावं असं तिला मनापासून वाटत होतं. ती मैदानाच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि तिथून हलली नाही. एकदाही खाली मान घातली नाही आणि एकालाही उत्तर दिलं नाही. शिव्या पाच मिनिटं चालल्या असतील. तिला तो अख्खा तास वाटला.

गर्दीत अचानक आवाज वेगळा झाला. ज्यांच्या खांद्यावर शिवलीला होती ते अडखळले. पोरीने उडी मारली होती. लोक तिला धरू पाहत होते, आई मागून कानडीत हाका मारत होती, पण ती सरळ मध्ये आली. केसांतला गुलाल तिने मनगटाने पुसला, वाकून माती उचलली आणि मयूरीसमोर हात पुढे केला.

घरचीच पोरगी उभी राहिल्यावर गावाला बोलायला काही उरलं नाही. हलगीवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"हलगी लांब," प्रियदर्शनी म्हणाली. "कडेला जाऊन वाजवा." ते मुकाट्याने कडेला गेले.

दुसरी कुस्ती सहा मिनिटं चालली. मयूरीने दोनदा सुटका करून घेतली. मग शिवलीलाने तिला ढाकेच्या डावावर घेतलं आणि दोघी धाडकन खाली आल्या. पुन्हा डावा खांदा समोर, उजवा पलीकडे. या वेळी प्रियदर्शनीने वळसा घातला नाही. तिने स्वतःला पोटावर झोकून दिलं, गाल मातीला टेकवला आणि त्या खांद्याखाली डोळा लावला. बोटभर फट होती. लोक ओरडत होते, चीत, चीत! शिट्टी दातांत होती. तिने फुंकली नाही. फट अर्धी झाली. मयूरीने मान ताठ करून अंग उचललं, फट परत वाढली. प्रियदर्शनीच्या नाकात माती गेली, डोळ्यात घाम उतरला. फट कमी होत होत मिटली. तिने मनात एक, दोन मोजलं, आणि मग शिट्टी वाजवली.

शिवलीला जिंकली होती. या वेळी विचारायला कुणाला जागा नव्हती. मयूरी उठली, तिने आपणहून शिवलीलाचा हात वर केला आणि प्रियदर्शनीसमोर पाठ वळवून उभी राहिली. "बघा मॅडम. आता लागली." उजव्या खांद्यावर मातीचा सपाट पट्टा होता.

वस्तादांचा निरोप घ्यायला ती गेली तेव्हा त्यांनी तिच्या मातीने माखलेल्या ट्रॅकसूटवर एक नजर टाकली. मग म्हणाले, "पैली शिट्टी घाईनं वाजवलीस. ती चूकच."

"होय."

"आन् पाठीची माती बगायला म्याच सांगितलं व्हतं," ते म्हणाले आणि तंबाखूची डबी शोधायला लागले.

ऊन कलताना ती जीपमध्ये बसली. ड्रायव्हर कुठेतरी चहाला गेला होता. लोक तिच्याकडे बघत होते, काही अजून रागाने. पुढच्या वर्षी आपल्याला बोलावणार नाहीत हे तिला कळून चुकलं होतं. तेवढ्यात शिवलीला आली. हातात बक्षिसाची गदा होती, ती तिने जीपला टेकवून ठेवली.

"अक्का, मला ठावं हुतं," ती हळू आवाजात म्हणाली.

"काय ठावं होतं?"

"पैल्या खेपंला तिचा खांदा वर हुता. म्या वर बसले, समदी नाचाय लागली, आई रडाय लागली. बोलावं म्हनलं तर तोंडच उघडंना. तुमी बोलला नसता तर म्या कवाच बोलले नसते." तिने नाक पुसलं. "पर माती कुणाच्या हातची ते तुमी का सांगितलं न्हाई? माजाच हात हुता की."

प्रियदर्शनी त्या मातीने भरलेल्या तळहाताकडे बघत राहिली.

"माझाही हात होता गं एकदा," ती म्हणाली. "एका पोरीच्या खांद्याखाली. ती ओरडून सांगत होती. मी बोलले नाही. सुवर्णपदक मिळालं मला."

चौदा वर्षांत पहिल्यांदा ती हे मोठ्याने बोलली, तेही एका अनोळखी पोरीसमोर, जीपच्या दारात. शिवलीलाने ऐकून घेतलं. तिला धक्का बसल्यासारखं काही दिसलं नाही.

"मग ती पोरगी आता कुटं हाय?"

"माहीत नाही."

"इचारा की मग," शिवलीला म्हणाली. लांबून आईने हाक मारली तशी तिने गदा उचलली आणि पळाली.

ड्रायव्हर आला, जीप निघाली. माळ मागे पडायला लागला, वाटेत दोन टँकर आडवे आले. प्रियदर्शनीची टाच अजून हलतच होती. तिने मोबाइल काढला, परत ठेवला, परत काढला. शेवटी नंबर लावला.

"बोल, प्रियदर्शनी," सुभेदारांचा खणखणीत आवाज आला. "कसं झालं मैदान?"

"सांगते, आबा. सगळं सांगते. आधी एक काम करा. दारातलं ते कात्रण खाली काढा आणि त्यात हरलेल्या पोरीचं पूर्ण नाव आणि गाव काय छापलंय, ते मला वाचून दाखवा."